चुंबकीय अपद्रव्ययुक्त नायट्राइड अर्धसंवाहक: त्यांची वाढ आणि त्यांची परीक्षा

प्रास्ताविक

संगणकातील गणनेचे काम अर्धसंवाहक द्रव्ये करतात आणि माहिती दीर्घकाळ जपून ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी चुंबकीय तबकड्या करतात. पहिल्या कामात इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार वापरला जातो. दुसऱ्यात त्याचे परिवलन, म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यात स्पिन म्हणतो तो गुणधर्म. हे दोन्ही गुण एकाच कणाचे असूनही त्यांचा उपयोग करणारी द्रव्ये मात्र वेगवेगळी आहेत. हे द्वैत नाहीसे करून एकाच स्फटिकाकडून दोन्ही कामे करवून घेता येतील काय, हा स्पिनाधिष्ठित इलेक्ट्रॉनिकीचा मूळ प्रश्न होय.

या शाखेस १९८८ साली मोठी चालना मिळाली. फेर्ट आणि ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, लोह व क्रोमियम यांच्या एकाआड एक पातळ थरांचा विद्युत् रोध त्या थरांच्या चुंबकनाच्या परस्परदिशेनुसार पुष्कळच बदलतो. या कार्याबद्दल त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांचे थर धातूंचे होते. १९९० साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील सुप्रियो दत्त व विश्वजित दास यांनी स्पिनावर चालणाऱ्या एका अर्धसंवाहक ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. अशा साधनात एका विशिष्ट दिशेचे स्पिन असलेले इलेक्ट्रॉन अर्धसंवाहकात सोडावे लागतात. ते सोडणारे द्रव्य स्वतःच चुंबकीय अर्धसंवाहक असेल, तर सांध्यावरील कित्येक अडचणी टळतील, हे उघड आहे. मात्र ते द्रव्य खोलीच्या तापमानास चुंबकीय राहिले पाहिजे.

गॅलियम नायट्राइडात मँगॅनीज मिसळल्यास असे द्रव्य मिळेल, अशी अपेक्षा २००० सालापासून जगभर बाळगली गेली. ती अपेक्षा कशावर आधारलेली होती, तसे स्फटिक कसे वाढवितात, त्यांच्याविषयीचे अनेक दावे का टिकले नाहीत आणि अखेर हाती काय राहिले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या इतिहासात स्फटिक वाढविणाऱ्यास आणि त्याचे मापन करणाऱ्यास शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पूर्वपीठिका

चुंबकीय अर्धसंवाहक ही कल्पना नवी नव्हे. युरोपियम ऑक्साइड हा अर्धसंवाहक लोहचुंबकीय आहे हे १९६१ साली आढळले. परंतु त्याचे क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, अवघे ६९ केल्विन आहे. शिवाय हे द्रव्य नित्याच्या अर्धसंवाहकांशी जुळवून घेणारे नव्हे. म्हणून पुढे लक्ष गेले ते उलट मार्गाकडे: जो अर्धसंवाहक उत्तम परिचयाचा आहे त्यातच थोडे चुंबकीय अणू मिसळावयाचे. कॅडमियम टेल्युराइडासारख्या द्रव्यांत मँगॅनीज विपुल प्रमाणात विरघळतो आणि त्यांचा अभ्यास १९७० नंतरच्या दोन दशकांत भरपूर झाला. पण त्यांत मँगॅनीजचे अणू एकमेकांशी प्रतिलोहचुंबकीय रीतीने, म्हणजे स्पिन परस्परविरुद्ध ठेवून, जोडले जातात.

गॅलियम आर्सेनाइडाच्या वर्गात अडचण वेगळी होती. त्यात मँगॅनीज समतोल अवस्थेत टक्क्याच्या लहानशा अंशाइतकाच विरघळतो. अधिक घातल्यास तो मँगॅनीज आर्सेनाइड या निराळ्या संयुगाच्या रूपाने बाहेर पडतो. यावरील तोड म्हणजे समतोल येऊच न देणे. १९८९ साली मुनेकाता, ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइड, व १९९६ साली ओहनो व सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइड, नेहमीच्या ६०० अंश सेल्सिअसऐवजी सुमारे २५० अंशांस वाढवून त्यांत कित्येक टक्के मँगॅनीज बसविला. इतक्या कमी तापमानास पृष्ठावरील अणूंना फार फिरता येत नाही. मँगॅनीज जेथे पडतो तेथेच पुढील थराखाली गाडला जातो.

गॅलियमच्या जागी बसलेला मँगॅनीज दोन कामे करतो. त्याच्या पाच डी-इलेक्ट्रॉनांमुळे तेथे चुंबकीय परिबल निर्माण होते. आणि गॅलियमपेक्षा एक संयुजा-इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे तो ग्राही ठरून एक होल, म्हणजे इलेक्ट्रॉनाची एक रिकामी जागा, संयुजा पट्टास देतो. ही ग्राही पातळी संयुजा पट्टाच्या माथ्यापासून सुमारे ०.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्याच अंतरावर आहे. त्यामुळे होल स्फटिकभर फिरू शकतात, आणि फिरताना एका मँगॅनीजच्या स्पिनाची वार्ता दुसऱ्याकडे पोचवितात. लोहचुंबकत्व येते ते या दूतांमुळे. या द्रव्याचे क्यूरी तापमान प्रथम ११० केल्विनपर्यंत गेले आणि पुढे पुष्कळ परिश्रमांनंतर २०० केल्विनच्या आसपास येऊन थबकले. खोलीचे तापमान ३०० केल्विन असते, हे लक्षात घेतले म्हणजे उणीव किती राहिली ते कळते.

२००० सालचे भाकीत

या पार्श्वभूमीवर २००० साली डीट्ल, ओहनो आणि त्यांचे सहकारी यांनी होल-मध्यस्थ लोहचुंबकत्वाचा सिद्धांत निरनिराळ्या अर्धसंवाहकांस लावून पाहिला. ५ टक्के मँगॅनीज आणि दर घन सेंटिमीटरमागे १० च्या २० व्या घाताच्या ३.५ पट होल असे गृहीत धरले असता गॅलियम नायट्राइड व झिंक ऑक्साइड यांचे क्यूरी तापमान खोलीच्या तापमानाच्या वर जाते, असे त्यांच्या गणितात निघाले.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. नायट्रोजन हा लहान अणू आहे. त्याचे गॅलियमशी बंध आखूड असतात. त्यामुळे मँगॅनीजचे डी-इलेक्ट्रॉन आणि शेजारच्या नायट्रोजनचे पी-इलेक्ट्रॉन यांची गुंफण अधिक घट्ट होते, आणि एकक आकारमानात चुंबकीय अणूही अधिक मावतात. दुसरे असे की, स्पिन व कक्षा यांच्या आंतरक्रियेमुळे संयुजा पट्टात पडणारी फूट गॅलियम आर्सेनाइडात सुमारे ३४० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर गॅलियम नायट्राइडात ती १० ते २० एवढीच असते. ही आंतरक्रिया स्पिनाची दिशा बिघडविते; म्हणून ती जितकी क्षीण तितके बरे.

तथापि या भाकितात एक मोठा 'जर' दडलेला होता, आणि पुढील पुष्कळशा गोंधळाचे मूळ त्या 'जर'कडे झालेल्या दुर्लक्षात आहे. एवढे होल मिळतील तर, आणि मँगॅनीज गॅलियमच्या जागी विखरून बसेल तर, असे ते विधान होते. पहिली अट ऊर्जापातळ्यांची आहे, दुसरी स्फटिकवाढीची. आधी दुसरीचा विचार करू.

स्फटिक कसा वाढवितात

गॅलियम नायट्राइड हा षट्कोनी वुर्ट्झाइट रचनेचा, ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पट्टांतराचा स्फटिक आहे. सिलिकॉनाप्रमाणे त्याचा रस करून त्यातून दांडा ओढता येत नाही. कारण वितळण्यापूर्वीच त्याचे विघटन होऊन नायट्रोजन निघून जातो. तो न जाऊ देता वितळवावयाचा तर सुमारे २२०० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ६०,००० वातावरणांचा दाब लागतो. म्हणून तो परकीय अधःस्तरावर, बहुधा नीलमण्यावर, पातळ थराच्या रूपाने वाढवितात. दोन्ही स्फटिकांच्या जालकांत सुमारे १६ टक्क्यांची विसंगती असते. १९८६ साली अकासाकी व अमानो यांनी मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडाचा कमी तापमानास बसविलेला थर घालून या विसंगतीवर मार्ग काढला. निळ्या प्रकाशाच्या डायोडचा पाया येथेच घातला गेला आणि नाकामुरा यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे करूनही अशा थरात दर चौरस सेंटिमीटरमागे १० च्या ८ व्या ते १० व्या घाताइतके स्थानभ्रंश राहतात, हे विसरता कामा नये.

वाढीच्या प्रमुख रीती दोन. पहिली रेणुशलाका थरवाढ. सुमारे १० च्या उणे १० व्या घाताइतक्या टॉर दाबाच्या निर्वातात गॅलियम व मँगॅनीज यांच्या तापविलेल्या मुशींतून त्यांच्या शलाका अधःस्तरावर सोडतात. नायट्रोजनाचा प्रश्न असा की, त्याच्या रेणूचा बंध ९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा असल्यामुळे तो पृष्ठावर आपण होऊन तुटत नाही. म्हणून आयनद्रायूच्या साहाय्याने तो आधीच फोडतात किंवा त्याऐवजी अमोनिया वापरतात. अधःस्तराचे तापमान सामान्यतः ७०० अंशांच्या आसपास असते. वाढ चालू असतानाच पृष्ठावर इलेक्ट्रॉनांची तिरपी शलाका टाकून तिच्या विवर्तनावरून थर सपाट वाढतो की ओबडधोबड, हे पाहता येते.

दुसरी रीत धातु-कार्बनी बाष्पापासून थरवाढीची. तीत गॅलियमचे एक कार्बनी संयुग, अमोनिया आणि मँगॅनीजचे एक कार्बनी संयुग यांची वाफ तप्त अधःस्तरावरून नेतात. शुद्ध नायट्राइडास येथे १००० अंशांच्या वर तापमान ठेवतात. चुंबकीय अपद्रव्ये मिसळावयाची असता ते ८५० अंशांच्या आसपास खाली आणतात. डायोडांचे उत्पादन याच रीतीने होत असल्यामुळे तिच्यातील यश व्यवहारात उतरविणे सोपे असते.

दोन्ही रीतींत खरी कसोटी अणूंच्या प्रमाणाची आहे. रेणुशलाका रीतीत गॅलियम किंचित जास्त ठेवल्यास पृष्ठावर धातूचे पातळ आवरण राहते आणि थर गुळगुळीत येतो. परंतु मग मँगॅनीजला स्फटिकात शिरण्यास मोकळी जागा मिळत नाही व तो पृष्ठावर तरंगत साठतो. नायट्रोजन किंचित जास्त ठेवल्यास मँगॅनीज अधिक शिरतो, पण पृष्ठ खडबडीत होऊ लागते. तापमान वाढवावे तर स्फटिकाची प्रत सुधारते, पण मँगॅनीजचे अणू फिरून एकत्र येतात. कमी करावे तर ते विखुरलेले राहतात, पण स्फटिकात दोष वाढतात. गॅलियम आर्सेनाइडास उपयोगी पडलेली २५० अंशांची युक्ती येथे चालत नाही. कारण नायट्राइडाचे बंध बळकट असून इतक्या थंड पृष्ठावर सुस्थित स्फटिक जमत नाही. यास्तव येथे वाढीची खिडकी अरुंद आहे.

लोह मिसळलेल्या गॅलियम नायट्राइडाचा अभ्यास या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑस्ट्रियातील लिंझ येथील बोनान्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाष्परीतीने ८५० अंशांस केलेल्या वाढीत सुमारे ०.४ टक्क्यापर्यंत लोह विखुरलेले राहिले; त्याहून अधिक झाले की लोहसमृद्ध नायट्राइडांचे अतिसूक्ष्म स्फटिक दिसू लागले. वाढीचा वेग वाढविला असता ही मर्यादा वर सरकली, कारण अणूंना एकत्र येण्यास अवधीच मिळेना. हे एकत्रीकरण घन स्फटिकाच्या पोटात न होता मुख्यतः वाढत्या पृष्ठावर होते. म्हणजे चुंबकत्वाचे स्वरूप वाढीच्या त्या काही क्षणांत ठरून जाते.

मँगॅनीजची ऊर्जापातळी

आता पहिल्या अटीकडे वळू. गॅलियम नायट्राइडात मँगॅनीजची ग्राही पातळी संयुजा पट्टापासून सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर, म्हणजे पट्टांतराच्या जवळजवळ मध्यावर असते. खोलीच्या तापमानास औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अशा स्थितीत मँगॅनीजपासून संयुजा पट्टात होल येण्याची शक्यता शून्यच म्हणावी लागेल. गॅलियम आर्सेनाइडात जो अणू चुंबकही होता आणि होलांचा दाताही होता, तो येथे केवळ चुंबक उरतो.

मग होल मॅग्नेशियम मिसळून बाहेरून आणावेत काय? मॅग्नेशियमचीही ग्राही पातळी सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल असल्याने त्याच्या शंभरांतील सुमारे एकच अणू खोलीच्या तापमानास होल देतो. त्यामुळे दर घन सेंटिमीटरमागे मोकळे होल १० च्या १७ व्या ते १८ व्या घाताइतके मिळतात. हवे होते त्याच्या काहीशे ते काही हजार पटींनी कमी. शिवाय हे होलही मँगॅनीजच्या खोल पातळीतच अडकतात. आणखी असे आढळले आहे की, मँगॅनीज व मॅग्नेशियम एकत्र घातल्यास ते स्फटिकात स्वतंत्र न राहता जोडीने बसून संकुले बनवितात. सारांश, २००० च्या भाकितातील होलांची अट या द्रव्यात पुरी होऊ शकत नाही.

सापडलेले आणि भासलेले चुंबकत्व

असे असूनही २००१ व २००२ साली निष्कर्षांची रीघ लागली. एका प्रयोगशाळेत क्यूरी तापमान २२८ ते ३७० केल्विन मिळाले. जपानमधील एका गटाने ते सुमारे ९४० केल्विन असावे असे अनुमान केले. इतरांना १० ते २५ केल्विनच मिळाले. आणि काहींना लोहचुंबकत्व मुळीच न आढळता केवळ समचुंबकत्व, म्हणजे स्वतंत्र अणूंचे अव्यवस्थित चुंबकत्व, आढळले. एकाच नावाच्या द्रव्याचे क्यूरी तापमान १० पासून ९४० केल्विनपर्यंत बदलत असेल, तर ती सर्व एकच द्रव्ये नाहीत, असा निष्कर्ष काढणे प्राप्त आहे.

याचे पहिले कारण निराळ्या संयुगांचे कण. गॅलियम आर्सेनाइडात उच्च तापमानास मँगॅनीज आर्सेनाइडाचे कण बनतात. त्यांचे क्यूरी तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. नायट्राइडात मँगॅनीज व नायट्रोजन यांची अनेक संयुगे बनू शकतात. त्यांपैकी चार मँगॅनीज व एक नायट्रोजन असलेले संयुग सुमारे ७४० केल्विनपर्यंत चुंबकीय असते. लोहाच्या बाबतीत तीन लोह व एक नायट्रोजन असलेले संयुग सुमारे ५७५ केल्विनपर्यंत लोहचुंबकीय राहते. काही नॅनोमीटर आकाराचे असे कण थरात विरळपणे पसरलेले असले, तर नेहमीच्या क्ष-किरण विवर्तनात ते दिसतही नाहीत. पण चुंबकमापकात मात्र स्पष्ट दिसतात.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. कधीकधी निराळे संयुग बनतच नाही. स्फटिकाची रचना तीच राहते, परंतु काही भागांत मँगॅनीज दाट होतो व काही भागांत विरळ. असे विघटन झाल्यास विवर्तनाचा आलेख निर्दोष दिसतो आणि तरीही द्रव्य एकजिनसी नसते. ते ओळखण्यास अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शन व क्ष-किरण शोषणाच्या वर्णपटाचा बारीक अभ्यास करावा लागतो.

तिसरे कारण विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानी ठेवावे. कारण ते स्फटिकात नसून आपल्या हातात असते. एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. ५ मिलिमीटर बाजूच्या चौरस अधःस्तरावर २०० नॅनोमीटर जाडीचा थर वाढविला, असे समजा. त्याचे आकारमान घन सेंटिमीटरचे ५ दशलक्षांश होते. गॅलियमच्या जागांपैकी ०.१ टक्का जागी मँगॅनीज असून प्रत्येकाचे परिबल ४ बोर मॅग्नेटॉन असले व सर्व परिबले एका दिशेस वळली, तरी एकूण परिबल सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतील एककाचे ८ दशलक्षांश एवढेच भरते. आता त्याच्याखालचा नीलमणी पाहा. ०.३३ मिलिमीटर जाडीचा हा तुकडा प्रतिचुंबकीय असून १० हजार ओर्स्टेडच्या क्षेत्रात त्याचे उलट दिशेचे परिबल सुमारे १२० दशलक्षांश होते. म्हणजे मोजावयाच्या राशीच्या १५ पट. ही मोठी राशी वजा करूनच आपली लहान राशी मिळवावयाची असते. आणि ज्या लोखंडी चिमट्याने तो तुकडा उचलला, त्याच्या टोकाचा कण कडेस चिकटून राहिला तर? ८ दशलक्षांश परिबल देण्यास ०.०४ मायक्रोग्रॅमहून कमी लोखंड पुरते, म्हणजे सुमारे १७ मायक्रोमीटर बाजूचा एक कण. तो नुसत्या डोळ्यांस दिसणार नाही. त्याचे क्यूरी तापमान १०४३ केल्विन असल्याने खोलीच्या तापमानास तो उत्तम लोहचुंबक असतो, आणि चुंबकमापकावर उमटलेल्या वक्रात तो कोणाचा, हे लिहिलेले नसते.

गॅडोलिनियमचे कोडे

येथे गॅडोलिनियमच्या प्रकरणाचा उल्लेख करणे योग्य होईल. २००५ साली बर्लिन येथील पॉल द्रुदे संस्थेत धर, ब्रांट, प्लोग आदींनी गॅलियम नायट्राइडात गॅडोलिनियम फार अल्प प्रमाणात मिसळून मोजणी केली. गॅडोलिनियमच्या आयनाचे स्वतःचे परिबल सुमारे ८ बोर मॅग्नेटॉन असते. त्यांना अत्यंत विरल थरांत दर अणूमागे ४००० पर्यंत बोर मॅग्नेटॉन आढळले. हा आकडा सिद्ध करावयाचा तर गॅडोलिनियम आपल्याभोवतालच्या स्फटिकासही चुंबकीय करतो असे मानावे लागते. पुढे मूलद्रव्यागणिक चुंबकत्व वेगळे करणाऱ्या क्ष-किरण पद्धतीने पाहता स्वतः गॅडोलिनियमचे परिबल समचुंबकीयच वागत असल्याचे दिसून आले, आणि लोहचुंबकत्वाचा हा आविष्कार सर्व थरांत सारखा पुनःपुन्हा मिळाला नाही. स्फटिकातील दोषांकडे, विशेषतः गॅलियमच्या रिक्त जागांकडे, बोट दाखविले गेले. धर यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हा अभ्यास चालू ठेवला. म्हणून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास हा विषय परका नाही. ज्या निष्कर्षाचे स्पष्टीकरण अपुरे आहे तो निष्कर्ष असत्यच असला पाहिजे असे नाही. परंतु त्यावर साधन उभारण्याची घाईही करता येत नाही.

हाती काय राहिले

दावे गळून पडल्यावर काहीच उरले नाही, असे मात्र नाही. लिंझ, वॉर्सा, ग्रेनोब्ल आदी ठिकाणच्या गटांनी वाढीची खिडकी सांभाळून मँगॅनीज खरोखर विखुरलेला आहे असे थर तयार केले, आणि तो तसा आहे याची अनेक स्वतंत्र पद्धतींनी खात्री करून घेतली. ग्रेनोब्ल येथे ६.३ टक्के मँगॅनीज असलेल्या थरात २००६ साली ८ केल्विन क्यूरी तापमान मिळाले. पुढे वॉर्सा येथील साविट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ व २०१३ मधील कार्यात सुमारे ३ टक्क्यांस १ केल्विन आणि सुमारे १० टक्क्यांस १३ केल्विन असे आकडे आले.

हे लोहचुंबकत्व होलांमुळे आलेले नाही. हे थर जवळजवळ रोधकच असतात. मँगॅनीजपासून शेजारच्या नायट्रोजनमार्फत पुढच्या मँगॅनीजकडे जाणारी विनिमय आंतरक्रिया येथे काम करते. ती अल्पपल्ल्याची आहे. गॅलियमच्या जागेस १२ निकटतम सजातीय शेजारी असतात. मँगॅनीज यदृच्छेने बसला तर ३ टक्के प्रमाणात सुमारे ६९ टक्के मँगॅनीज अणूंना एकही मँगॅनीज शेजारी मिळत नाही. १० टक्क्यांस हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर येते. क्यूरी तापमान प्रमाणाच्या साधारण २.२ व्या घातानुसार का चढते, याची कल्पना यावरून येईल. हाच नियम पुढे ताणला, तर खोलीच्या तापमानासाठी ४० टक्क्यांहून अधिक मँगॅनीज लागेल. तेथवर तो नियम टिकेल असे गृहीत धरण्यास आधार नाही. आणि टिकला, तरी त्या द्रव्यास अपद्रव्ययुक्त गॅलियम नायट्राइड म्हणता येणार नाही.

या आंतरक्रियेचे चिन्हसुद्धा वाढीच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. चार डी-इलेक्ट्रॉन असलेले त्रिसंयुज मँगॅनीज एकमेकांशी लोहचुंबकीय रीतीने जोडले जातात. पण थरात ऑक्सिजन किंवा सिलिकॉन यांसारखे दाते राहिले, तर त्यांचे इलेक्ट्रॉन मँगॅनीजवर जाऊन तो पाच डी-इलेक्ट्रॉनांचा द्विसंयुज बनतो, आणि अशा अणूंची आंतरक्रिया प्रतिलोहचुंबकीय असते. म्हणजे निर्वातपात्राची गळती किंवा वायूची अशुद्धता ही केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही; चुंबकत्वाचे स्वरूपच ती पालटते.

अशा शुद्ध थरांचा एक उपयोग २०१६ साली दिसून आला. गॅलियम नायट्राइड दाबविद्युत् गुणाचा असल्यामुळे विद्युत् क्षेत्र लावताच त्याचे जालक किंचित ताणले जाते, आणि त्याबरोबर मँगॅनीजच्या चुंबकनाची सोयीची दिशाही बदलते. हा प्रयोग अतिशीत तापमानास झाला. तरी विद्युत् क्षेत्राने चुंबकन हाताळणे नायट्राइडात शक्य आहे हे त्याने दाखविले. लोहयुक्त गॅलियम नायट्राइडाचे तर व्यवहारात स्थान पक्के झाले आहे. मात्र चुंबक म्हणून नव्हे. लोहाची खोल पातळी मोकळे इलेक्ट्रॉन अडकवून थर रोधक करते, म्हणून उच्च वारंवारतेच्या नायट्राइड ट्रान्झिस्टरांखाली असा थर देतात.

उपसंहार

या विषयात प्रवेश करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वरील इतिहासातून काही नियम स्वतःस घालून घ्यावेत. प्रत्येक चुंबकीय थरासोबत त्याच भट्टीत, त्याच धारकावर, त्याच वेळापत्रकाने, परंतु मँगॅनीजविना एक तुलनाथर वाढवावा आणि त्याचीही मोजणी प्रसिद्ध करावी. नमुना प्लॅस्टिकच्या चिमट्यानेच हाताळावा. अधःस्तराची मागील बाजू व कडा मोजणीपूर्वी स्वच्छ कराव्यात. चुंबकनाचा वक्र हा पुरावा नसून प्रश्न आहे असे समजावे. मँगॅनीज कोठे बसला आहे, त्याची संयुजा काय आहे व तो एकजिनसी विखुरला आहे काय, या तिन्हींची उत्तरे स्वतंत्र पद्धतींनी मिळाल्याखेरीज त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मानू नये.

९४० केल्विनच्या दाव्यापेक्षा १३ केल्विनचा आकडा दिसण्यास फारच लहान आहे. परंतु तो ज्या स्फटिकाचा आहे त्यात कोणता अणू कोठे आहे हे ठाऊक आहे, तो पुन्हा वाढविता येतो, आणि त्यावरून पुढील गणित करता येते. खोलीच्या तापमानाचा चुंबकीय अर्धसंवाहक अजून मिळवावयाचा आहे. तो नायट्राइडात मिळेल की अन्यत्र, हे आज सांगता येत नाही. मात्र तो ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी तो खरा आहे हे ओळखण्याची साधने या पंचवीस वर्षांच्या परिश्रमाने आपल्या हाती दिली आहेत, आणि ती वापरण्याचे उत्तरदायित्व प्रत्येक नव्या संशोधकावर आहे.